शेवटच्या कडव्याची कॅसेट

आजवर मी जे जे बोलले ते सगळं दुसऱ्याचं होतं. गाणं दुसऱ्याचं, टाळ्या दुसऱ्यांच्या, मध्येच येणारा खोकलासुद्धा मागच्या रांगेतल्या कुणा गृहस्थाचा. आज मात्र मी, एक साधी ऑडिओ कॅसेट, माझं स्वतःचं बोलणार आहे. जरा खरखर होईल. वय झालंय, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझ्या ढीगभर बहिणी त्याच पट्ट्यावरून खाली उतरल्या. कुणाच्या नशिबी पुढाऱ्यांची भाषणं आली, कुणाच्या नशिबी लहान मुलांच्या गोष्टी. माझ्या नशिबी मालक आले.

मालक पाणीखात्यात मीटर तपासनीस होते. दिवसभर लोकांच्या घरचे मीटर वाचायचे आणि घरी आले की टेपरेकॉर्डरवरच्या, आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघत बसायचे. त्यांना वेड होतं एका गायकाचं. हा गायक जुनी लोकगीतं आणि त्याच वळणाची स्वतःची गाणी गिटार आणि ड्रमच्या साथीवर गायचा, आणि चांगलं गायचा. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या रेकॉर्डी दुकानात सरळ मिळायच्या. मालकांना त्यांत काडीचाही रस नव्हता. "दुकानात मिळतं ते काय गोळा करायचं?" असं ते म्हणायचे. त्यांना हवं असायचं ते, जे बाहेर यायलाच नको होतं. कार्यक्रमात चोरून केलेलं रेकॉर्डिंग. स्टुडिओत फसलेली, टाकून दिलेली गाणी. एका टेपवर ऐन गाण्यात गायकाला शिंक येते. त्या टेपला घरात जेवढा मान होता तेवढा घरातल्या माणसांनाही नव्हता.

माझ्यावर गाणं भरलं गेलं ते एका नाट्यगृहात. मालकांचं लग्न नुकतंच झालं होतं. टेपरेकॉर्डर मालकीणबाईंच्या पर्समध्ये, त्याच्यावर रुमाल, आणि मी आत. दारावरचा माणूस बायकांच्या पर्स उघडून बघत नाही, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. लग्नाआधी बिचारे स्वेटरखाली टेप लपवून उकाड्यात बसायचे. त्यांनी लग्न नेमकं कशासाठी केलं, याबद्दल मला तेव्हापासून शंका आहे.

"टाळी वाजवायची नाही हं," मालक बाईंच्या कानात म्हणाले. "आणि गुणगुणायचं तर अजिबात नाही."

"मग आलो कशाला?" बाईंनी विचारलं.

मालकांना प्रश्न कळला नाही. बाई हात मांडीवर ठेवून सगळा कार्यक्रम गप्प बसून राहिल्या.

कार्यक्रम संपला, दिवे लागले, निम्मे लोक उठले, आणि तेवढ्यात गायकाने आणखी एक गाणं धरलं. नदीच्या पलीकडे राहिलेल्या मित्राचं गाणं होतं. शेवटी त्याचा ड्रमवाला वाद्य सोडून पुढे आला आणि त्याने मनाचंच एक कडवं तिथल्या तिथे रचून म्हटलं. दोघं हसत हसत आत गेले. पुढे थोड्याच दिवसांत त्यांचं कशावरून तरी बिनसलं, साथ सुटली, आणि ते गाणं पुन्हा कुणी कधी गायलं नाही. म्हणजे ते जगात फक्त माझ्या पोटात राहिलं.

मग काय, मला भलताच मान आला. मान आला म्हणजे मला कपाटात कोंडलं. दमट हवा लागू नये म्हणून शेजारी औषधाच्या बाटलीतल्या असतात तशा पुड्या ठेवल्या. अंगावर कधी चिठ्ठीसुद्धा चिकटवली नाही, गोंदाने त्रास होतो म्हणे. नाव लिहिलं ते फक्त डबीवर. माझ्यावरून एक कॉपी काढली आणि पुढच्या सगळ्या कॉप्या त्या कॉपीवरून. मला वाजवायचं नाही, कारण वाजवलं की मी झिजते. मळेल म्हणून कधी अंगात न घातलेल्या सदऱ्यासारखी माझी गत झाली.

रविवारी दुपारी मालकांसारखीच आणखी मंडळी जमायची. एकमेकांच्या टेपा हातात घेऊन उलटसुलट बघायची आणि विचारायची, "कितवी पिढी?" मूळ टेप ती पहिली पिढी. तिच्यावरून काढलेली दुसरी. दर पिढीला खरखर वाढते. सोयरीक जुळवतानाही कुणी घराण्याची इतकी चौकशी करत नसेल. चौकशी संपली की चहा, चहा संपला की अदलाबदल. पैशाला कुणी हात लावायचं नाही, टेपेच्या बदल्यात टेप, हा यांचा कडक नियम. गाणं ऐकायचं तेवढं राहून जायचं.

आणि यांचा एक खास रिवाज होता. त्याला ते 'खूण ठेवणं' म्हणत. कुणालाही कॉपी देताना ती पूर्ण द्यायची नाही. कुणी सुरुवात गाळायचा, कुणी मधलं गिटार. मालक माझ्या गाण्याचं शेवटचं कडवं गाळायचे. माझ्यावरून ती एक कॉपी काढतानाच, ड्रमवाला पुढे आला तसं त्यांनी हळूच बटण फिरवून आवाज शून्यावर आणला होता. पूर्ण गाणं आपल्याकडेच राहिलं पाहिजे. मग मंडळींपुढे डोळे मिटून सांगायचे, "शेवटच्या कडव्यात जे आहे ना, त्याला शब्दच नाहीत." मंडळी चुटपुटत चहा प्यायची. मालकांचं सगळं सुख त्या चुटपुटीत होतं.

अशी वर्षं गेली. मालक निवृत्त झाले. कॅसेटी वाजवणारी यंत्रं लोकांनी भंगारात काढली, मंडळींपैकी काही जण भिंतीवरच्या फोटोत गेले. आणि एका सकाळी दारात तो गायक स्वतः उभा राहिला. केस पांढरे, हातात काठी.

मालकांनी त्याला आत घेऊन खुर्चीवर बसवलं. गायक सरळ मुद्द्यावर आला. "माझा ड्रमवाला दवाखान्यात आहे. आता घरी येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. आमचा अबोला होता, तो परवा सुटला. त्याला ते नदीचं गाणं एकदा ऐकायचंय. मला बाकीचं आठवतं, त्याचं कडवं आठवत नाही. त्यालाही नाही. तुमच्याकडे आहे असं कळलं."

मालक म्हणाले, "आहे ना. बदल्यात काय आणलंय?"

सवयीने तोंडातून गेलं असेल, असं मला आधी वाटलं. पण त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. उलट खाली बघत म्हणाले, "म्हणजे, तसा नियमच आहे आमचा, सर."

"माझ्याकडे माझ्या टेपा नाहीत हो," गायक म्हणाला. "मीच आलोय."

मग ठरलं की त्याने इथेच एक गाणं म्हणायचं, कुठेही न म्हटलेलं, आणि मालकांनी ते भरून घ्यायचं. मालकांनी माइक लावला, पंखा बंद केला, खिडकी लावली. गायक गायला. आवाज फाटला होता, पण मित्राच्या काळजीने तो असा काही लागला की स्वयंपाकघरातून मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. मालकांनी त्यांना तिथेच थांबायची खूण केली, त्यांच्या सपाता वाजतात म्हणून. पूर्ण गाणंभर मालक काट्याकडे बघत होते. ज्या माणसाच्या शिंकेसाठी त्यांनी आयुष्य वेचलं तो हातभर अंतरावर गात होता आणि यांची मान काही वर झाली नाही.

गाणं संपलं. गायक डोळे पुसत म्हणाला, "हे मी त्याला..."

"शू," मालक म्हणाले. "टेप चालू आहे."

मला तेव्हा हात असते तर मी काय केलं असतं, ते सांगत नाही.

"तुमच्यासाठी थेट पहिल्या पिढीवरून काढतो," असं म्हणत मालकांनी मला कपाटातून काढलं. फार मोठे उपकार केल्याचा चेहरा होता. एका कानाला हेडफोन लावला, यंत्राच्या दुसऱ्या खणात माझ्याच जातीची एक कोरी कॅसेट बसवली आणि मला सुरू केलं. ड्रमवाला पुढे आला तशी त्यांची बोटं बटणाकडे गेली आणि कॉपीवरचा आवाज शून्यावर आला. मालकीणबाईंनी ती बोटं बघितली.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, गायकाला तसंही कमीच ऐकू यायचं, "त्यांना शेवटचंच हवंय ना?"

"अगं, त्याला पूर्ण दिलं की गावभर होईल. मग आपल्याकडे राहिलं काय?"

"पण गाणं त्यांचं आहे."

"गाणं त्याचं. टेप माझी," मालक म्हणाले आणि नवी डबी, तिच्यावर नाव लिहायचं खास पेन आणायला आतल्या खोलीत गेले. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याला वेळ लागायचा.

बाईंनी एकदा गायकाकडे बघितलं. मग शांतपणे, भांडी जागच्या जागी लावावीत तशा, दोन्ही कॅसेटी काढल्या. कॉपी माझ्या जुन्या डबीत गेली आणि डबी कपाटात. मी टेबलावर राहिले. मालक आले, त्यांनी मला नव्या डबीत घातलं आणि दोन्ही हातांनी गायकाला दिलं.

"शेवटपर्यंत ऐका हं," दारात बाई म्हणाल्या.

"ऐकतो, वहिनी."

अशी मी दवाखान्यात पोचले. दुपारची वेळ होती. ड्रमवाला उशीला टेकून बसला होता, हाताला सलाईन, अंगात सदरा दोन माणसं मावतील एवढा मोठा. गायकाने घरून जुना टेपरेकॉर्डर आणला होता. इतक्या वर्षांनी मी मोकळ्या हवेत, माणसांसमोर वाजले. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. फीत अडकली तर? कडव्याच्या आधीच तुटली तर? पण ड्रमवाल्याचा तरुण आवाज आला, खणखणीत:

*पुलाखालून पाणी गेलं, पूल राहिला उभा,*
*तुझ्या माझ्या भेटीला रे अजून आहे मुभा.*

मला वाटलं, आता दोघं रडतील.

"मुभा?" ड्रमवाला म्हणाला. "ही मुभा कुठून आणली मी? सरकारी कचेरीतून?"

गायक हसू दाबत होता. ड्रमवाल्याला दाबता आलं नाही. तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली आणि सिस्टर धावत आली. "आणि पुलाखालून पाणी. दुसरं काय जाणार होतं पुलाखालून, बैलगाडी? काय भंगार कडवं आहे रे. याच्यासाठी तू काठी टेकत दारोदार फिरलास?"

ज्या कडव्याला मालकांपाशी शब्दच नव्हते, त्याची ही अशी वाट लागली. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मलाही ते कधी फारसं आवडलं नव्हतं.

"पुसून टाक ते," ड्रमवाला म्हणाला. "दुसरं देतो."

आता, मूळ कॅसेटीवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या पाठीवरची प्लास्टिकची बारीक टिकली मोडून टाकतात. माझी कधीच मोडलेली होती. गायक म्हणाला, "हिच्यावर भरता येत नाही." ड्रमवाल्याने सिस्टरच्या ट्रेमधली जखमेवर लावायची चिकटपट्टी मागून घेतली, तिचा तुकडा दातांनी तोडला आणि माझ्या पाठीवरच्या त्या मोडक्या जागेवर चिकटवला. मालकांनी हे बघितलं असतं तर शेजारची खाट त्यांना लागली असती.

गायकाने जागा शोधून बटण दाबलं. ड्रमवाला चमच्याने खाटेच्या दांडीवर ठेका धरून गायला. त्याला धाप लागत होती, दर शब्दानंतर थांबायला लागत होतं, पण ठेका चुकला नाही:

*पलीकडून हाक आली तर सांग, आहे घरी,*
*चहा आत्ताच टाकलाय म्हणावं, उकळू दे तरी.*

सिस्टर ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली. गायक मान खाली घालून बसला. त्याने बटण बंद करायला उशीर केला, म्हणून माझ्यावर त्याच्या नाक ओढण्याचाही आवाज आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत ड्रमवाला गेला.

आता मी गायकाच्या स्वयंपाकघरात असते. कधी तेलकट हातांनी उचलतात, कधी खिडकीतल्या उन्हात विसरतात. रोज वाजते, रोज थोडी झिजते. पुड्या नाहीत, कपाट नाही. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला जपून ठेवू नका, एवढंच सांगायचं होतं. तिला वाजवा.

थांबा, फोन वाजतोय. गायकाला कानाला कमी ऐकू येतं, म्हणून तो फोनचा स्पीकर चालू ठेवतो. हा आवाज मी कुठेही ओळखेन. मालक बोलतायत.

"सर, कालच कळलं. फार वाईट झालं. पण एक समाधान आहे. त्यांचं ते कडवं सुरक्षित आहे माझ्याकडे. जगात एकच."

"हो का? बरं," गायक म्हणतोय.

"शेवटच्या दिवसांत त्यांनी काही म्हटलं-बिटलं का? कुणी भरून घेतलं असेल तर..."

"घेतलंय. या ना घरी, बसून ऐकू."

मग मालक म्हणतात, "ऐकायला नाही आलो तरी चालेल, सर. मला फक्त कॉपी हवी होती."

गायक मला टेपरेकॉर्डरमध्ये घालतोय. फोन त्याने माझ्याशेजारी ठेवलाय. "थांबा, थांबा, सर," मालक ओरडतायत, "मशीन घेऊन येतो." रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज. पावलं आतल्या खोलीकडे पळतायत. पण गायकाने बटण दाबलंय आणि मी सुरू झालेय.

पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचललाय. मला श्वास ऐकू येतोय. हाक, घर, चहा, उकळू दे तरी. एक बारीकसं हसू आलं आणि मध्येच थांबलं.

"कोण? वहिनी का?" गायकाने विचारलं.

"हो," मालकीणबाई म्हणाल्या. "परत एकदा लावता?"

बरं, येते मी. मला मागे फिरवतायत.