काटा टायरात होता

मी मागच्या चाकाची ट्यूब बोलतेय. मागच्या म्हणते ते मुद्दाम. पुढच्या चाकात माझी जुळी बहीण होती. वळायचा मान तिचा आणि भार सगळा माझ्यावर. आठ वर्षांत तिला दोन ठिगळं लागली, मला तेरा. तुम्ही म्हणाल, ही आपलं रडगाणं घेऊन बसली. बसलेय खरी, पण हे रडणं माझ्या एकटीचं नाही.

माझा जन्म विलायतेतला. कुठल्याशा झाडाचा चीक, त्याचं रबर आणि त्या रबराची मी. मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी अकोल्यात उत्तमरावांच्या सायकलीच्या दुकानात मी खोक्यातून बाहेर आले. अंगाला पांढरी भुकटी, एकही डाग नाही. तेव्हा मला वाटायचं, आपण अशाच राहणार.

देवीदासनं सायकल घेतली आणि मी त्याच्या घरची झाले. मोर्णेच्या काठी त्याचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार अशा टोपल्या मागे बांधून तो रोज पहाटे अकोल्याच्या बाजारात जायचा. सांबार म्हणजे कोथिंबीर बरं का, वऱ्हाडात तिला तेच नाव आहे. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. बायको जमुना, माहेर बाळापूरचं. तीही बाजारात भाजी विकायला बसायची. परतताना गाव मागे पडलं, की तो तिला रिकाम्या टोपल्यांमध्ये कॅरियरवर बसवायचा आणि मळ्याच्या अलीकडे उतरवायचा, कारण आईनं पाहिलं तर काय म्हणेल! त्या भारानं मी दबत असे, पण तो भार मला कधी जड झाला नाही.

बाभळीचा काटा पहिल्यांदा घुसला तेव्हा माझं सगळं अवसानच गेलं. उत्तमरावांनी मला बाहेर ओढलं, हवा भरली, पाण्याच्या घमेल्यात बुडवलं. बुडबुडे आले तिथं खूण केली, कानशीनं घासलं, चिकट सुलोचन लावलं आणि वर रबराचा तुकडा दाबला. सोल्यूशनला ते सुलोचन म्हणत. त्यांच्या तोंडी ते एखाद्या लेकीबाळीचं नाव वाटायचं.

जमुनाची बसायची जागा दुकानासमोरच होती. मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती सगळं बघत असे. उत्तमराव एकदा तिला म्हणाले, "बाई, ठिगय कोनीबी लावते. पन ट्यूब आत घालाच्या आधी टायरात बोट फिरवा लागते. काटा तिथंच रायला, तं ठिगयाचा काय उपेग?"

तिनं ते गाठीला बांधलं. पुढे माझी सगळी दुखणी तीच काढू लागली. बुडबुडा ती चटकन ओळखायची आणि शेवटी डोळे मिटून टायरच्या आतून हळूच बोट फिरवायची. दोनदा बोटातून रक्त आलं, पण एकही काटा तिच्या हातून सुटला नाही. देवीदास दारात बसून बघायचा आणि चाक फिरवून दाखवायचा. त्या घरातले ते दिवस चांगले होते.

मग लढाई लागली आणि रबर दिसेनासं झालं. नवी ट्यूब मागायला जावं तर दुकानदार हात जोडत. सगळ्या गावाच्या सायकली ठिगळांवर चालल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं, कारण बदलायला काही नसलं, की माणसं सांभाळायला शिकतात.

पण घरात दुसरंच सुरू झालं होतं. लग्नाला पाच वर्षं झाली, सहा झाली, जमुनाची कूस उजवेना. देवीदासची आई पार्बताबाई वाईट बाई नव्हती, पण तिला नातू हवा होता. तिनं वैद्याकडून काढा आणला. कडू जहर. जमुना तो रोज सकाळी नाक दाबून प्यायची. उपास केले, नवस बोलली, ओल्या लुगड्यानं देवळाला फेऱ्या घातल्या. सगळं तिनं एकटीनं केलं. देवीदासला कुणी तो काढा चमचाभरही दिला नाही. मी रबराची, मला काय कळतं. पण एवढं माझ्याही नजरेतून सुटलं नाही.

एकदा जमुना माझं अकरावं ठिगळ लावत होती. पार्बताबाई ओट्यावर डाळ निवडत होती. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "ठिगयं लावून लावून किती दिस चालते? कदी ना कदी बदलाच लागते." लेकी बोले सुने लागे, तशी गत. जमुनानं मान वर केली नाही. फक्त ठिगळावरचा तिचा अंगठा कितीतरी वेळ तसाच दाबलेला राहिला.

लढाई संपली आणि देवीदासचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी चांदूर रेल्वेची, नाव शकुन. जमुनाला सांगितलं तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता. तूही राहा, तुला काही कमी पडणार नाही, असं काहीबाही बोलला. 

लग्नाच्या खटपटीत सायकलला उसंत नव्हती आणि नेमका तेव्हाच मला काटा लागला. सवयीनं जमुना घमेलं घेऊन आली, तर पार्बताबाईनं तिला अडवलं. "जमुना, हात नोको लावू. लग्नाच्या कामाले चालली ते सायकल." पुढचं ती बोलली नाही, पण कळायचं ते कळलं. मूलबाळ नसलेल्या बाईचा हात शुभकार्याला नको. घमेल्यातलं पाणी हिंदकळलं, एवढंच.

देवीदासनं स्वतः ठिगळ लावलं. बोट फिरवायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मी पुन्हा फुटले. त्यानं पुन्हा ठिगळ लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा फुटले. मग तो चिडून म्हणाला, की ट्यूबच सडली, आणि बाजारातून नवी घेऊन आला. काटा सुखरूप टायरात राहिला आणि मी उकिरड्यावर जाऊन पडले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

हळदीच्या आदल्या दिवशी जमुनाचा भाऊ सूर्यभान तिला न्यायला बाळापूरहून बैलबंडी घेऊन आला. जमुनानं दोन लुगडी आणि एक तांब्या एवढंच गाठोड्यात घेतलं. बांधायला दोरी मिळेना, म्हणून ती उकिरड्यावर आली. मला उचललं, झटकलं आणि माझा वेढा देऊन गाठोडं आवळलं. देवीदास विहिरीजवळ उभा होता. त्यानं हाक मारली असती तर ती थांबली असती, हे मला नक्की ठाऊक आहे, कारण गाठ मारताना तिचे हात फार हळू चालत होते. त्यानं हाक मारली नाही.

बाळापूरला नदीकाठी सूर्यभानची थोडी जमीन आहे. जमुनानं तिथं कारली लावली, दोडकी लावली. मला कात्रीनं कापून पट्ट्या केल्या आणि त्यांनी वेल मांडवाला बांधले. रबर ताणतं, त्यामुळे वेलाला काचत नाही. गाव तिच्या भाजीचं नाव काढू लागलं. ती मात्र हसायची विसरून गेली होती.

असं दीड वर्ष गेलं. एका दुपारी देवीदास आला, सायकल हातात धरून, चालत. मागचं चाक बसलेलं. तो वाळला होता. पाणी प्यायल्यावर म्हणाला, तू गेलीस तेव्हा उत्तमराव दुकान मोडून अमरावतीला लेकाकडे गेलेच होते, तेव्हापासून ठिगळं मीच लावतो. नवी ट्यूबही त्याच जागी फुटत राहते, ठिगळावर ठिगळ झालं. मग थोड्या वेळानं खरं बोलला. "घरी चाल. तुयाबिगर घर घरावानी नाई."

जमुनानं सायकल आडवी केली. घमेलं भरून आणलं. टायर सोडवला, नवी ट्यूब बाहेर काढली आणि बाजूला ठेवली. मग डोळे मिटून टायरात बोट फिरवू लागली. एका जागी बोट थांबलं. चाकावर भार पडला की वर येणारं, एरवी लपणारं, तांदळाच्या कणीएवढं टोक होतं ते. तिनं चिमट्यानं उपसलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"काटा टायरात व्हता," ती म्हणाली. "ट्यूबीचा गुन्हा नोता."

देवीदास काट्याकडे बघत राहिला. तिनं विचारलं, "शकुनले काढा सुरू केला काय?"

त्याची मान खाली गेली. "आईनं केला. आता तिलेबी बदलाची गोष्ट करून राह्यली."

जमुनानं चिमटा खाली ठेवला. मग म्हणाली, "तिले मायेरी धाडू नोका. मी येत नाई. पन तिले धाडू नोका."

नवी ट्यूब बुजवायला तिच्याकडे रबर नव्हतं. ती मांडवाजवळ आली आणि माझी एक पट्टी सोडली. चांगला भाग निवडून गोल कापला. सूर्यभाननं शेजाऱ्याकडून सुलोचन मागून आणलं. तिनं अंगठा दाबून धरला, पूर्वीसारखाच. मग हवा भरली, चाक फिरवून पाहिलं आणि सायकल त्याच्या हाती दिली.

तो गेला. तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत तिनं डोळ्याला पदर लावला नव्हता.

आता मी इथं कारल्याच्या मांडवावर असते. उन्हानं अंगाला भेगा पडल्यात, एक-दोन उन्हाळ्यांत तुटून गळून पडेन. त्याचं काही नाही. तुम्हाला एकच विनवते. काही बदलून टाकावंसं वाटलं, मग ती वस्तू असो नाहीतर माणूस, तर आधी एकदा आपल्या टायरात बोट फिरवून बघा. रक्त येईल थोडं, येऊ द्या.

माझा एक तुकडा त्या घरी परत गेलाय. शकुन अजून तिथं असेल, तर तिच्या भाजीच्या टोपल्या तोच पेलत असेल. जमुना काही परत गेली नाही.