उजव्या हाताचा ढीग

आधीच सांगून ठेवते, गोल्फ हा खेळ मला आजही कळत नाही. एवढ्याशा चेंडूला काठीने टोलवायचं आणि मग तो शोधत उन्हातान्हात चालत सुटायचं, यात मजा कसली ते त्या देवालाच ठाऊक. पण त्या खेळाच्या हातमोज्याबद्दल विचाराल तर बसा निवांत, मी चहा टाकते.

वसईजवळ सातिवलीला माझा भाड्याचा गाळा आहे. वेल्डरचे, भट्टीवाल्यांचे जाड कातड्याचे हातमोजे शिवायचं काम. शिलाईला चार बायका आणि कटिंगला मी. कटिंग मी कुणाला करू देत नाही, आणि माझी कात्री दुसऱ्या कुणाला चालतही नाही, कारण ती डाव्या हाताची आहे. मी जन्माची डावखुरी. लहानपणी आईने ते मोडायचा चंगच बांधला होता. जेवताना आणि अभ्यासाला बसताना माझा डावा हात लुगड्याच्या चिंधीने पाठीशी बांधायची, म्हणायची, सासरी नावं ठेवतील. जेवण आणि लिहिणं उजव्यावर आलं, कात्री आणि विळी डाव्याकडे राहिली. अक्षर मात्र कायमचं बिघडलं. अजून कुठे सही करायची वेळ आली की मला आईचा राग येतो, आणि ती जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून परत स्वतःचाच येतो.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. बाहेरून तयार हातमोजे इतके स्वस्त यायला लागले की माझी जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. आमचे हे, म्हणजे जयवंतराव, पतपेढीतून रिटायर झालेले, सरळ माणूस. ते म्हणाले, दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर गाळा मालकाला परत देऊन टाकू, चंदनसारच्या घरात दोघांना पुरेल इतकं पेन्शन आहे. त्यांचं चुकत नव्हतं. पण गाळा गेला की मी दिवसभर करणार काय? सोसायटीच्या बाकावर बसून कुणाची सून काय करते ते मोजणार? माझ्याच्याने ते व्हायचं नाही. आणि त्या चार बायका कुठे जाणार, हा विचार होताच.

अशात कल्पेश आला. वसईच्याच शेतकरी घरातला पोरगा, शिकून व्यापारात पडलेला. त्याने गोल्फच्या सामानाचा स्वतःचा ब्रँड काढला होता, सोनेरी गरुडाचा. त्याला हातमोजे शिवून हवे होते, मेंढीच्या पातळ कातड्याचे. मी म्हटलं, शिवू की, वेल्डरचा हात काय आणि साहेबाचा हात काय, बोटं पाचच.

मग त्याने मला तासभर शिकवणी दिली. परदेशी मोठमोठे ब्रँड कोणते, कुणाची काठी जास्त खपते, कुणाचा चेंडू, कुठला खेळाडू टीव्हीवर कुणाची टोपी घालून जिंकला आणि पुढच्या आठवड्यात दुकानात त्या टोप्या कशा संपल्या. आपल्याकडेही नवे लोक खेळायला लागलेत, पण दुकानात शिरले की हात जातो तो ओळखीच्या नावाकडे, आणि त्याचा गरुड बसतो सर्वात खालच्या फळीवर. मी विचारलं, त्यांच्या कातड्यात काय वेगळं असतं? तो म्हणाला, फारसं काही नाही.

"काकी, माल विकला जात नाही, नाव विकलं जातं."

मी म्हटलं, हो, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्याला ते काही आवडलं नाही, पण ऑर्डर दिली. नमुन्याला एक हातमोजा ठेवला आणि मनगटाच्या पट्टीवर लावायच्या गरुडाच्या शिक्क्यांचं पुडकं.

एकच हातमोजा, डाव्या हाताचा. मला वाटलं, पोरगा धांदरट आहे, जोडीतला दुसरा गाडीत विसरला असणार. विचारायचं डोक्यातच आलं नाही. माझी सगळी हयात जोड्या शिवण्यात गेली. कातडं तोंडाला तोंड लावून दुमडायचं, वर साचा ठेवायचा आणि कापायचं, एका घावात डावा आणि उजवा दोन्ही निघतात. हात आपोआप तसाच चालतो. कातडं मी माझ्या खिशातून आणलं, आणि आणलं ते दोन्ही हातांच्या हिशोबाने. क्लेमेंटीन, माझी सगळ्यात जुनी बाई, होळी गावातल्या वाडीतून येते, ती शिक्के लावायला बसली. तिने आधी डावे घेतले आणि सगळे डावे संपले तेव्हा शिक्केही संपले. ती म्हणाली, ताई, शिक्के अर्धेच दिलेत. मी म्हटलं, बघ, मी म्हटलं नव्हतं धांदरट आहे म्हणून? उजवे बिनशिक्क्याचे ठेव, आला की मागून घेऊ.

कल्पेश आला, डावे बघून खूश झाला, शिलाईवर बोट फिरवून वा म्हणाला. मग त्याला तो दुसरा ढीग दिसला. हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, उजवे. तो आधी हसायला लागला, आणि माझं तोंड बघून थांबला. तेव्हा कळलं की गोल्फवाले एकाच हातात घालतात. काठी धरताना जो हात वर असतो, त्यात. उजव्या हाताच्या माणसाचा डावा हात वर येतो, म्हणून विकतात तो डाव्या हाताचा, तोही सुटा. त्याने कोपऱ्यातला झाडू उचलून उभं राहून दाखवलंसुद्धा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने डाव्यांचे ठरलेले पैसे तिथल्या तिथे दिले, त्याची काही चूक नव्हती. पण मला त्यात जे सुटायचं ते सगळं त्या उजव्यांच्या ढिगात अडकलं होतं. घरी सांगितलं तेव्हा हे काही रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, आता पुरे कर मनोरमा, मालकाला फोन करतो. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात सगळ्या गप्प. मला गप्प बसलेली माणसं सहन होत नाहीत. म्हणून मी झाडू घेतला आणि कल्पेशची नक्कल करून दाखवायला लागले, तो कसा पाय फाकवून उभा राहिला, कसा कंबर वळवून झाडू फिरवला. बायका हसल्या. क्लेमेंटीन हसता हसता थांबली.

"ताई, तो असा नव्हता उभा. तुम्ही उलट्या उभ्या आहात."

मी खाली बघितलं. झाडू धरलेल्या हातांपैकी वरचा हात माझा उजवा होता. दोनदा सोडून परत धरला, दोन्ही वेळा उजवाच वर. ढिगातला एक हातमोजा उचलून त्या हातात चढवला आणि पुन्हा धरला. पकड अशी बसली की झाडू सुटेना. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या हातांसाठी शिवत आले, आणि हा पहिला मोजा माझ्यासाठी शिवला गेला होता, तोही चुकून. मला एकदम रडूच आलं. बायकांना वाटलं ढीग बघून रडते आहे.

संध्याकाळी अनुष्काला, म्हणजे आमच्या मुलीला, सगळं सांगितलं. ती अंधेरीला ऑफिसात असते, ऑनलाइन खरेदीविक्रीतलं तिला कळतं. तिने मोबाईलवर बराच वेळ शोधलं आणि म्हणाली, आई, जगभरचे डावखुरे गोल्फवाले नुसते तक्रार करतायत. दुकानात भिंतभर हातमोजे असतात आणि ह्यांच्यासाठी कोपऱ्यात दोनचार, तेही मापाचे नाहीत. मोठ्या ब्रँडची जाहिरात उजव्या हाताने खेळणाऱ्यांची, फळीही त्यांचीच. मी म्हटलं, मला नवीन काय सांगतेस? शाळेच्या बाकापासून बघत आले आहे.

आता हे डावखुरे गाठायचे कुठे? तेही क्लेमेंटीननेच सोडवलं. तिचा भाऊ स्टॅनी कॅनडात बस चालवतो आणि रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या मंडळींबरोबर गोल्फला जातो. तो सांगायचा की तिकडे डावखुरे खेळाडू ढिगाने. लहानपणी बर्फावरची हॉकी खेळतात, त्यातून सवय लागते म्हणे. आणि वसईवाल्यांची रीत तुम्हाला माहीत आहे. कुणी कॅनडाला निघालं की गावभरच्या पुड्या त्याच्या बॅगेत. क्लेमेंटीनची भाची सुझान त्याच आठवड्यात निघाली होती. तिच्या बॅगेत सुके बोंबील, बाटली मसाला आणि त्यांच्या मधोमध माझ्या ढिगातले थोडे उजवे हातमोजे गेले.

यांना मी मालकाला फोन करायला दिवाळीपर्यंत थांबायला लावलं. थांबले बिचारे. पण रोज संध्याकाळी माझ्याकडे असं बघायचे की मला पाणी प्यावंसं वाटायचं नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा स्टॅनीचा फोन आला. क्लेमेंटीनने गाळ्यात सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. स्टॅनी आधी हसत सुटला. हातमोज्यांना मसाल्याचा वास येत होता आणि त्याच्या दोस्तांनी तो खास काहीतरी सुगंध समजून कौतुक केलं होतं. मग कामाचं बोलला. वाटले ते सगळे हातात चढले, एकानेही परत दिला नाही. त्यांच्या मैदानावर जे दुकान आहे त्याच्या मालकीणबाई स्वतः डावखुऱ्या. त्यांनी शिवण उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, अजून किती आहेत? होते तेवढे सगळे हवे होते, आणि खपले तर पुढेही. फक्त एक अडचण होती. पट्टी कोरी होती. बिननावाचा माल त्या फळीवर ठेवणार नव्हत्या.

म्हणजे कल्पेशचं खरं होतं. नाव लागतंच. हे कबूल करताना माझ्या जिवावर आलं, पण खोटं कशाला बोलू.

अनुष्काने शिक्के कुठे छापून मिळतात ते विचारायला त्याला फोन केला होता, तर तो स्वतःच आला. म्हणाला, काकी, उजवे सगळे मीच घेतो, आज, रोख. गरुड लावून द्या, दुकानदार मलाही डावखुऱ्यांसाठी विचारत असतात, पुढची ऑर्डरही तुमचीच. सरळ, चांगला सौदा होता. हेही त्या दिवशी गाळ्यात आले होते, मालकाशी बोलायला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की त्यांना वाटतंय, घे आणि मोकळी हो. कॅनडाच्या बाईचं काय, आज हो म्हणेल, उद्या ढुंकून बघणार नाही. आणि मग ढीग आहे तिथेच, गाळा मात्र नाही.

मी ढिगाकडे बघितलं. सगळ्या पट्ट्या कोऱ्या. त्यांच्यावर गरुड लावला की झालं, पुन्हा मी कुणाच्या तरी नावाखाली. जन्मभर तेच केलं होतं.

"डावे तुझ्या नावाने शिवीन, म्हणशील तेवढे," मी कल्पेशला म्हटलं. "उजवे माझ्या नावाने जाणार."

मला वाटलं चिडेल. तो एवढंच म्हणाला, काकी, नाव बसायला वर्षं लागतात. मी म्हटलं, हात बसायला तर साठ लागली. तेव्हा हसला, आणि शिक्के कुठे छापून मिळतात ते सांगून गेला. डाव्यांची नवी ऑर्डरही दिली, या खेपेला दोनदा बजावून की फक्त डावे.

संध्याकाळी घरी अनुष्का नावांची यादी घेऊन बसली. सगळी इंग्रजी, तोंडात न बसणारी. मी म्हटलं, मला एक नाव आहे ना, तेच लाव. ती म्हणाली, मग कागदावर लिही, अक्षर मी संगणकावर सुधारून घेते. मी पेन उजव्या हातात घेतलं, सवयीने. मग टेबलावर ठेवलं आणि डाव्या हाताने उचललं.

साठ वर्षांत त्या हाताने एक अक्षर लिहिलं नव्हतं. म काढताना पेन भलतीकडे गेलं, हाताखाली कागद सरकायला लागला, वरून पंख्याचा वारा. मी दोनदा कागद चुरगाळला. अनुष्का म्हणाली, आई, राहू दे, उजव्याने लिही. मी काहीतरी चिडून बोलणार होते.

तेवढ्यात हे उठून आले. समोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कागदाच्या कडा घट्ट दाबून धरल्या.

"सावकाश," ते म्हणाले. "मालकाला मी सांगितलंय, गाळा आपल्याला हवा आहे."

मी 'मनोरमा' लिहिलं. 'न' तिरका आला आणि शिरोरेषा शेवटी वर चढली. अनुष्का सरळ करू का म्हणाली, मी तिला हात लावू दिला नाही. उजव्या हातमोज्यांच्या पट्टीवर आज ते तसंच आहे.