पाणी तापेपर्यंत

...आणि ही चीर. केसाएवढी. आंघोळीच्या टबातल्या हीटरच्या दांडीवर क्षाराचं जाड पांढरं साल चढलं होतं, ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडून पंजाबरावांनी दांडी उन्हाकडे धरली, चष्मा कपाळावर सारला – जवळचं त्यांना चष्म्याशिवायच नीट दिसे – आणि दांडीच्या वळणाला, आतल्या अंगाने, ती दिसली. म्हणजे इथून. इथून पाणी आत शिरतं, इथूनच करंट पाण्यात उतरतो, आणि म्हणून ट्रिप स्विच खटकन पडतो. आठ दिवस आपण पंप खोलला, वायरी बदलल्या, जॉइंट सोडून पुन्हा बांधले, स्विचच्या नावाने बोटं मोडली... आणि तो बिचारा आपलं काम चोख करत होता. पाण्यात करंट उतरला की लाइन तोडायची, एवढंच त्याचं काम. पस्तीस वर्षं घाटंजीत पंपांच्या जळक्या मोटारींना तांब्याचे वेढे भरून देणाऱ्या पंजाबरावांना ते कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी नागपूरला फोन लावला; नवी दांडी गुरुवारी येणार होती. आज सोमवार. तीन दिवसांचा प्रश्न. आणि तरी त्यांनी तीच दांडी पुसून पुन्हा मागच्या अंगणातल्या टबाला बसवली, नट आवळले, स्विच वर केला – खट. पुन्हा वर केला – खट. मग खिशातून वीतभर वायर निघाली, तिची दोन्ही टोकं सोलली गेली, आणि पाहू तरी, असं कोणाला उद्देशून नव्हे तर नुसतंच म्हणत त्यांनी ती अशी जोडली, की लाइन ट्रिप स्विचला वळसा घालून थेट हीटरला जावी. आता स्विच असून नसल्यासारखा. पाण्याखालून हीटरची बारीक गुणगुण सुरू झाली. सव्वानऊ वाजले होते. फक्त टेस्टिंगसाठी, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि हे मनाशी म्हणावं लागलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

जया, त्यांची बायको, मागच्या दारात खुर्चीवर होती. पौषातलं कोवळं ऊन तिच्या गुडघ्यांवर यावं म्हणून खुर्ची दर अर्ध्या तासाने थोडी थोडी सरकवावी लागे. मान पलीकडच्या किसनसिंगच्या अंगणाकडे, तिथे वाळत घातलेल्या तुरीकडे. ती काही पाहत असेलच असं नाही. हल्ली ती ज्या दिशेला बसवावी त्या दिशेलाच पाहायची.

हा टब आला तेव्हा सगळी गल्ली हसली होती. जंगलाकडच्या रस्त्यावरचं कोणतंसं रिसॉर्ट बंद पडलं, त्यांचं सामान विकायला निघालं, आणि पंजाबराव खुर्च्या न घेता, कूलर न घेता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोराने बांधून हा निळा, बुडाला वीतभर तडा गेलेला फायबरचा टब घेऊन आले. किसनसिंगने शांतपणे विचारलं होतं की ही बैलांची गव्हाण आहे की यात मासे पाळणार. पोरांनी आळीपाळीने आत बसून पाहिलं. उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात चार ड्रम पाणी पिणारा टब, म्हणजे माणूस म्हातारपणी रंगात आला, असंही कोणी म्हणालं, आणि ते त्यांच्या कानापर्यंत आलं. येऊ दे. डॉक्टरांनी जयासाठी सांगितलं होतं, गळ्याइतक्या गरम पाण्यात रोज अर्धा तास बसल्या तर सांधे मोकळे होतील. संघदीप, मुलगा, पुण्याहून म्हणाला होता, बाबा, नवीन पाठवतो. नको म्हणाले. मुलाने पाठवलेलं नको होतं असं नाही. पण जयासाठी जे करायचं ते आपल्या हातचं असावं... की आपल्या हातांना काही काम असावं? दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती.

तड्यावर फायबरचा थर दिला, पाण्याचे झोत सोडणारी सात तोंडं होती त्यातली तीन बुजवली, गळत्या पाइपाला सायकलच्या ट्यूबचं रबर आवळलं. पंप जळका निघाला, तो स्वतः भरला. तेव्हा जया समोर बसून वेढे मोजत होती – पन्नास, एक्कावन्न, बावन्न – तिच्या आवाजात किती दिवसांनी दुकान आलं होतं. तीस वर्षं ती दुकानात बसली. मोटारीच्या खाचांत बसवायचे कागद कापायची, तांब्याच्या तारांची टोकं दोऱ्याने बांधायची, अशी घट्ट की गिऱ्हाईक म्हणे, भाऊपेक्षा वहिनीच्या हातची मोटार जास्त टिकते. त्याच बोटांना संधिवाताने गाठलं. आधी सुई सुटली, मग दोरा, मग कपाचा कान. बोटं वाकली ती वाकलीच. गुडघे नंतर गेले. गेली दोन वर्षं तिला उठवायचं, बसवायचं, धुवायचं, पुसायचं, भरवायचं – हे सगळं मी करतो, आणि कोणी विचारलं तर सांगतो, त्यात काय एवढं. त्यात काय एवढं... माया आहे, ती खोटी नाही. पण कंटाळाही येतो, आणि तोही खोटा नाही. सकाळी तिच्या अंगाखालची चादर ओढताना कधी कधी आपले हात हवं त्यापेक्षा जास्त जोराने ओढतात, आणि ती काही बोलत नाही.

डिसेंबरात टब चालू झाला त्या दिवशी ती अर्धा तास पाण्यात राहिली आणि तिची उजव्या हाताची बोटं उघडली. उघडली म्हणजे काय – पेला धरण्यापुरती. तिने स्वतःच्या हाताने चहा प्यायला. मग रडली. मग त्यांनी ते पाहिलं म्हणून त्यांच्यावरच रागावली. नऊ दिवस तसे गेले. पंजाबराव त्या नऊ दिवसांत गल्लीतून छाती काढून चालले. आणि दहाव्या दिवशी खट.

तेव्हापासून तिची बोटं पुन्हा मिटली. किसनसिंगची बायको मानीबाई येऊन म्हणाली होती, चुलीवर मोठ्या गुंडीत पाणी तापवू, दोघंतिघं मिळून ओतू, त्यात काय. नको म्हणाले, मी दुरुस्त करतो ना. दुरुस्त होईना. आणि जया कण्हत नाही, हे सगळ्यात वाईट. दुखणं वाढलं की ती हळू आवाजात आकडे मोजते, वेढे मोजायची तसे, शंभर, दोनशे, आणि शेजारच्या खाटेवर आपण डोळे मिटून ते ऐकत राहतो. काल रात्री आकडा दोन हजारांच्या वर गेला होता. दोन हजार एकशे... तिथे कुठेतरी त्यांना झोप लागली, आणि झोप लागण्याआधी एक विचार येऊन गेला होता. काय होता? आठवत नाही. आठवतो. हे थांबावं, असा होता. दुखणं थांबावं असा, की मोजणं, की मोजणारी...

अहो, तिने हाक मारली. पाणी तापतं आहे का, विचारलं. तापतंय म्हणाले. मग आधी वेणी घालून द्या म्हणाली. टबात बसण्याआधी वेणी कशाला, पण वाद कोण घालणार. तेल आणलं, फणी आणली. केस इतके पातळ झालेत की फणीला लागतच नाहीत. मग म्हणाली, ती पांढरी साडी काढा. सहा डिसेंबरला आणि बुद्धपौर्णिमेला विहारात नेसून जायची, ती एकच चांगली. पाण्यात डाग पडतील, क्षाराचं पाणी आहे, ते म्हणाले. पडू द्या, म्हणाली. मग संघदीपला फोन लावायला सांगितला. एरवी दोन मिनिटांत ठेव म्हणते; आज किती वेळ बोलली, सून दीपमालाशीही बोलली, वेळेवर जेवत जा म्हणाली, नातवाला काय आवडतं ते विचारलं, जसं काही माहीतच नव्हतं. पंजाबराव तिच्या कानाशी फोन धरून उभे होते आणि त्यांचं लक्ष सगळं त्या गुणगुणीकडे होतं.

अकराच्या सुमाराला पाण्यावर वाफ दिसू लागली. झालं आता, असं ते मोठ्याने म्हणाले आणि पाणी पाहायला टबाशी गेले. हात पुढे झाला... आणि पाण्यावर वीतभर उंचीला थांबला.

पस्तीस वर्षांत एकही मोटार हात लावून पाहिल्याशिवाय त्यांनी दुकानाबाहेर सोडली नव्हती. मीटर लावून झाला, दिवा लावून झाला, तरी शेवटी हाताची पाठ लावायची. तळवा नाही, पाठ. तळव्याने धरलं आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही, पाठीने लागला तर हात आपोआप मागे येतो. ही गोष्ट ते स्वतःच्या बापाकडून नाही, करंटचा मार खाऊन शिकले होते, आणि मग त्यांनी ती जयाला शिकवली होती. हाताला ते सांगावं लागत नसे. आणि आज सव्वानऊपासून ते या टबाभोवती पाच-सहा वेळा फिरले होते, आणि एकदाही त्यांनी त्याला हात लावला नव्हता. पाण्याला नाही, पंपाला नाही, काठाला नाही. त्यांनी खाली पाहिलं. पायात रबरी चपला होत्या. अंगणात ते कधी चपला घालत नसत.

कधी घातल्या? आठवेना. वायर जोडल्यावर. आत जाऊन, दाराआडून काढून, घालून आलो. म्हणजे पायांना माहीत होतं, हाताला माहीत होतं. आणि मला? मी विसरलो असं म्हणता येईल. म्हातारा माणूस, रात्रभर जागा, चुकून राहून गेलं, सगळे हळहळतील, संघदीप गळ्यात पडून रडेल, आणि कोणी एक शब्द विचारणार नाही. पण मी विसरलो नव्हतो. मी तिला या पाण्यात बसवणार होतो आणि स्वतः बाहेर, चपला घालून उभा राहणार होतो. किती सोपं होतं ते. किती चांगल्या माणसासारखा मी सकाळपासून वागत होतो.

ते घरात गेले आणि मेन स्विच खाली पाडला. फ्रिज थांबला, बाहेरची गुणगुण थांबली. घर एकदम फार शांत झालं. बाहेर येऊन त्यांनी ती वीतभर वायर सोडवली, खिशात टाकली, चपला काढून कोपऱ्यात लाथाडल्या, आणि मग हाताची पाठ पाण्याला लावली, लावून ठेवली. गरम होतं, बस. नुसतं गरम पाणी.

मग तिला उचललं. पांढऱ्या साडीसकट, सवयीने, एक हात पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली, आणि काठावरून अलगद आत सोडलं. पाणी गळ्याशी आलं तसा तिने लांब श्वास घेतला. साडी फुगून वर आली, ती त्यांनी दाबून खाली बसवली. पलीकडे मानीबाई तूर झोडपत होती, तिच्या काठीचा आवाज येत होता.

"मेन काहून पाडला तुमी?" जयाने विचारलं. डोळे मिटलेले होते.

पाणी तापलं, आता कशाला चालू ठेवायचं, असं काहीसं ते पुटपुटले.

"सकायी वायर जोडली तवा मी दारातच होती," ती म्हणाली. "मले दिसलं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. चोरी पकडली गेल्यावर पोर जसं जमिनीकडे पाहतं तसं ते तिच्या खांद्यावरच्या पाण्याकडे पाहत राहिले. "मंग बोलली काहून नाई?"

"तुमी तरी कुठं बोलले."

"ध्यानात नाई राह्यलं मह्या..."

"तीस वर्सं तुमचा हात पाह्यला मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दुकानात गिऱ्हाइकाला मोटारीचा दोष सांगावा तसा साधा आवाज होता. "चुकून नाई जोडत तुमी."

म्हणजे वेणी. म्हणजे साडी, म्हणजे संघदीपशी तेवढा वेळ... ती दोन तास त्या खुर्चीत बसून पाणी तापायची वाट पाहत होती, आणि मी तिला फसवतो आहे असं समजून मीही वाट पाहत होतो. दोघं एकाच अंगणात, एकाच गोष्टीची. त्यांना विचारायचं होतं – तू खरंच बसली असतीस? की मी शेवटी मेन पाडेन याची तुला खात्री होती? यातलं एक खरं असेल तर मी वाचलो, आणि दुसरं खरं असेल तर... पण कोणत्या उत्तराने आपण वाचतो तेही त्यांना धड कळेना. विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, ती खोटं बोलणारी बाई नाही, आणि मग ते सांगितलेलं घेऊन उरलेले दिवस काढायचे.

तिने उजवा हात पाण्याबाहेर काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकेक बोट हलकेच उघडलं. करंगळी, मग तिच्या शेजारचं. उघडत होती. तिच्या कपाळावर दुखण्याची आठी आली आणि गेली.

"उद्या बी तापवजा," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले.

आणि मग त्यांना जे वाटलं ते त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितलं नसतं. कालपर्यंत, हे थांबावं, हा विचार एकट्याचा होता, चोरीचा, अंगावर काटा आणणारा. आता तो दोघांचा झाला होता. कपाट सरकवताना दुसऱ्या टोकाला कोणीतरी हात लावावा तसं आत एकदम हलकं वाटलं. त्यांनी घाबरून तिचा हात घट्ट धरला, इतका की ती कळवळली, आणि तरी ते हलकं वाटणं जाईना. गुरुवार यायला अजून तीन दिवस होते.