तिच्या गालावरचा तीळ आणि मी

मी तीळ बोलतोय. छपरं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या मानेवर, कॉलरच्या कडेला माझा जन्म झाला. त्याच्या बायकोच्या गालावरही एक तीळ आहे. तो लाडका! लग्नात फोटोवाल्यानं मुद्दाम त्याच बाजूनं फोटो काढले. कामावरून आला की हा रोज त्याला हळूच बोट लावतो. माझं मात्र त्यानं कधी तोंडही पाहिलं नव्हतं. मग जळफळाट होणार नाही तर काय?

प्राणवायूच्या बाबतीतही तोच दुजाभाव. मेंदू, हृदय, दंडाचे स्नायू आधी ताव मारतात. कातडीच्या वरच्या थरात तर रक्तवाहिनीच नाही. खालून झिरपेल तेवढ्यावर आम्ही भागवायचं. फारच कमी पडलं, की आमच्या पेशींत आणीबाणीचा हुकूम सुटतो, काहीही करून तग धरा. धडधाकट पेशी त्यावर निभावून नेतात. पण भर दुपारी मान खाली घालून पत्रे ठोकायची याची सवय. उन्हानं माझ्या पेशी आधीच बिघडवून ठेवल्या होत्या. त्या बिघडलेल्यांना हा हुकूम चांगलाच मानवला. त्या वाढतच सुटल्या. मीही अडवलं नाही. म्हटलं, मोठा झालो की बघतील तरी!

पाहिलं ते न्हाव्यानं.

"दादा, हा मागच्या महिन्यात एवढा नव्हता. कडाही वेड्यावाकड्या झाल्यात."

"असू दे रे. तीळच आहे, मला खातोय थोडाच!"

खातच होतो.

न्हाव्यानं सरळ घरी फोन लावला. "वहिनी, ऐकत नाहीत हे. ओढून डॉक्टरकडे न्या."

त्या संध्याकाळी तिनं कॉलर खाली करून मोबाइलचा उजेड माझ्यावर धरला. मी फुलून गेलो. ती मात्र लगेच डॉक्टरांचा नंबर शोधू लागली.

चार दिवसांत मला कापून काढलं. आता माझी पातळ चकती तपासणीच्या काचपट्टीवर, डॉक्टरबाईंच्या टेबलावर आहे. दोघं रिपोर्ट घ्यायला आली, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "मेलानोमाच आहे, म्हणजे त्वचेचा कॅन्सर. पण खोल गेलेला नाही, वेळेत आलात." त्याचा जीव भांड्यात पडला. खरं सांगू? माझाही.

तुमच्याही मानेवर, पाठीवर माझा एखादा भाऊबंद असेल. तुम्हाला तो दिसायचा नाही. घरच्या कुणाला तरी अधूनमधून बघायला सांगा.

निघेपर्यंत ती त्याच्या मानेवरच्या पट्टीवर हात ठेवून बसली होती. मी तिथं होतो तेव्हा तो हात कधीच आला नाही. आता मी त्या पट्टीवर जळतोय.