वाणातला मिक्सर

गावच्या टेनिसबॉल लीगमध्ये आपण न्याय आणला, असं परशुराम सरांना पाच वर्षं वाटत होतं. आठ वाड्या, आठ संघ. खेळाडू घ्यायला प्रत्येक मालकाला एक लाख, वर दमडी नाही. लिलावाआधी देवळात नारळावर हात ठेवून खेळाडूंनी शपथ घ्यायची, की बोलीपलीकडे मालकाकडून काही घेणार नाही. नियम निवृत्त मास्तर असलेल्या सरांचा आणि लिलावाची हातोडीही त्यांचीच.

तरी गेली तीन वर्षं करंडक एकाच घरात, किनाऱ्यावर दोन रिसॉर्टं बांधलेल्या जितेंद्र शेठच्या. ज्याच्या यॉर्करला कणकवलीपर्यंत नाव, तो कौस्तुभ शेठला दर वर्षी बेस प्राईसला, पाच हजारांत मिळायचा. सर "कोणी वाढवतं?" म्हणून घसा कोरडा करायचे आणि बाकीचे मालक मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचे. कौस्तुभने त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असायचं, "तुम्ही घेतल्यात तर माझी पाठ दुखतली." असे आणखी चार वस्ताद शेठकडे.

गेल्या वर्षी वरच्या वाडीची पोरं एकवीस धावांत गारद झाली. काजूच्या कारखान्यात राबून खेळणारी पोरं ती. यंदा उतरतच नव्हती. "या वेळी सगळं सचोटीने होईल, माझा शब्द," असं सांगून सरांनी त्यांना आणलं होतं.

लिलावाच्या सकाळी कौस्तुभची बायको पूजा कोऱ्या स्कूटरवरून देवळाशी उतरली.

"गाडी कधी घेतलस गो?"

"घेवक नाय, सर. शेठणीच्या हळदीकुंकवाक वाण गावला," ती लाजून म्हणाली.

गावातल्या बाकीच्या बायकांना त्याच हळदीकुंकवात स्टीलची वाटी मिळाली होती. सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याने नारळावर हात ठेवायचा आणि मोल बायकोच्या ओटीत पडायचं! देवालाही गंडवायची ही हुशारी बघून त्यांना शिसारी आली. ते तडक लिलावाच्या मांडवात शेठपुढे जाऊन उभे राहिले.

"सर, मी खेळाडूंका एक पैसोय देवक नाय," शेठ शांतपणे म्हणाला. "संक्रांतीक बायकांका वाण दिला. तुमचो खंयचो नियम मोडलो? आणि यशोदाकाकींका विचारा, तेंका काय गावला ता."

सर घरी आले. त्यांची बायको यशोदा सोलकढीसाठी मिक्सरमध्ये खोबरं वाटत होती.

"खंयसून इलो ह्यो मिक्सर?"

"तीन वर्षां झाली. शेठणीकडच्या हळदीकुंकवाक गावललो. तुमका तेव्हाच सांगितलंय. तुम्ही म्हणालात, बायकांच्या वाणातला माका कित्याक सांगतस?"

म्हणाले होते. पेपरातून डोकंही वर काढलं नव्हतं. तीन वर्षांची सोलकढी, तीन वर्षांच्या चटण्या, सगळं त्यांच्या गळ्याखाली उतरलं होतं, आणि प्रत्येक लिलावाला ते जेवूनच गेले होते. शेठचा राग होताच, पण खरी किळस आली ती स्वतःची.

मिक्सर भांड्यासकट उचलून ते मांडवात आले. भांड्याला खोबरं तसंच चिकटलेलं. त्यांनी तो लिलावाच्या टेबलावर ठेवला आणि माईक घेतला.

"हे माझ्या घरी शेठकडून आलेलं वाण. तीन वर्षं मी ते खातोय. ज्या खेळाडूंच्या घरी असलं वाण आलंय, त्यांनी ते इथे आणून ठेवावं. मगच लिलाव सुरू होईल."

कोणी हललं नाही. पूजाने स्कूटरची किल्ली मुठीत धरली. कौस्तुभ बुटांची लेस बांधायला वाकला तो वाकलेलाच राहिला. मग पहिल्या रांगेतून शेठचा हात वर झाला.

"बेस प्राईस, सर."

मांडव खदखदून हसला. कौस्तुभही हसला. हसली नाहीत ती वरच्या वाडीची पोरं. ती नुसती सरांकडे बघत राहिली, आणि ते बघणं सरांना हशापेक्षा जड गेलं.

सरांनी हातोडी मिक्सरशेजारी ठेवली. "ही पण न्या," ते शेठला म्हणाले. "तीन वर्षं तुमचीच होती."

ते मैदानाच्या कडेला पोचतायत तोवर हातोडी दुसऱ्या कोणी उचललीसुद्धा होती. कर्ण्यातून आवाज आला, "कौस्तुभ, बेस प्राईस पाच हजार. कोणी वाढवतं?"

सर चालायचे थांबले. मागे न वळता त्यांनी वाट पाहिली. कोणीच वाढवलं नाही.