फाकलेला कोपरा

“पुन्हा फट!” तंतोतंत पुटपुटले आणि त्यांनी कठड्याचे दोन्ही दांडे भिंतीवरून उतरवले.

‘तंतोतंत’ हे नाव त्यांना कचेरीनं दिलेलं. छत्तीस वर्षं नकाशांच्या दप्तरात घालवली, पण कधी रेघ हलली नाही. आणि आता लाकडाचे दोन तुकडे एकमेकांचं तोंड बघेनात.

बायको एकेकाळी शिवणकाम करायची. दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायलाही तिला यांचा हात लागू लागला. म्हणून भिंतीला कठडा बसवायचं त्यांच्या मनानं घेतलं. सुतारानं महिनाभर ‘उद्या येतो’वर झुलवलं, तेव्हा त्यांनी दुकानातली सगळ्यात स्वस्त, कोनात कापणारी विजेची करवत उचलून आणली. लाकूड, पत्रा, प्लास्टिक, सगळं कापते म्हणे. तबकडी फिरवायची, पंचेचाळीसच्या खुणेवर खटका बसला की पातं खाली ओढायचं. पंचेचाळीस आणि पंचेचाळीस नव्वद. यात चुकण्यासारखं काय होतं?

पण कोपऱ्यात दांडे मागे टेकत आणि पुढे नखभर फाकत. त्यांनी पुन्हा कापलं. पुन्हा फाकले. काटकोन मापायच्या गुण्यानं तपासलं तर करवत बरोबर. कापलेला तुकडा बरोबर. मग चुकतंय कोण? आपलं डोकंच चालेनासं झालं की काय?

“अहो, किती वेळ घुर्र घुर्र? घर कापताय की काय?” बायकोनं पलंगावरून विचारलं.

“जुळत नाहीये गं. हिशेबानं जुळायला हवं!”

“मला न्या तिथे.”

तिनं कोपऱ्यात दोन्ही तळवे दोन भिंतींना लावले आणि वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवले.

“कोपरा फाकलाय हा.”

“भिंत? काहीतरीच! तीस वर्षं राहतोय आपण इथे.”

“माप बरोबर असूनही झंपर बसत नसे, तेव्हा बाईचा एक खांदा उतरता निघायचा. कापड काय करणार? कोपऱ्यात बरोबर बसेल असा कागद कापा. मग दोन्ही कडा जुळवून मधोमध घडी घाला. त्या घडीवर कापा.”

कागदाची घडी पंचेचाळीसच्या खुणेवर बसेना. त्यांनी तबकडी खटक्यातून सोडवली, घडीच्या रेषेवर आणली आणि मळसूत्र आवळलं. मग खूण नसलेल्या जागी त्यांनी पातं खाली ओढलं.

दांडे जुळले. तिनं सांध्यावरून अंगठा फिरवला. “आता शिवण बसली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, तसे ते सवयीनं पुढे झाले. “राहू द्या,” ती म्हणाली. कठड्यावरून हात सरकवत, कोपरा वळून, ती न्हाणीघरात शिरली. दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

ती आत असताना ही कडी दोन वर्षांत एकदाही लागली नव्हती. आत पाणी पडू लागलं. इथे उभं राहावं की जावं, तंतोतंतांना कळेना. ते दोन पावलं मागे गेले, पुन्हा थांबले. मग जणू आतून कुणी पाहतंय अशा थाटात त्यांनी दाराकडे पाठ केली आणि चहाचं आधण ठेवायला गेले.