शून्याची नळी

तिने नळी तिसऱ्यांदा यंत्रात ठेवली आणि झाकण जरा जोरातच लावलं. आकडा पुन्हा तोच आला.

"हे यंत्र आज माझ्या डोक्यावर मिरे वाटतंय," ती पुटपुटली.

या प्रयोगशाळेत गरोदर बायकांच्या रक्तातलं एक प्रथिन मोजत. ते गर्भाला पोसणाऱ्या वारेतून रक्तात उतरतं. सुरुवातीच्या महिन्यांत ते कमी भरलं तर पुढे रक्तदाब चढण्याचा धोका असतो, आणि दाब चढायच्या आधीच बाईला सावध करता येतं. यंत्र खरं बोलतंय ना, हे ताडायला दर सोमवारी गरोदर नसलेल्या माणसाचं रक्त लावायचं. त्याचा आकडा शून्यच यायला हवा. ही शून्याची नळी सहा वर्षं तीच आपल्या रक्ताने भरत होती. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मुलासाठी उपचार करून थकलेली. "शून्याला माझ्याइतकं खात्रीचं कोण?" असं ती हसत म्हणे, आणि म्हणताना दर वेळी तिला दुखे.

आज त्याच नळीत प्रथिन दिसत होतं, आणि त्यापायी अठरा जणींचे अहवाल अडकले होते.

मोठे डॉक्टर डोकावले.

"यंत्राला नावं ठेवू नका ताई. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"मग द्या तुमचं रक्त. बघू अंगण कोणाचं वाकडं ते."

जगाला सुया टोचायला सांगणारे डॉक्टर सुई पाहून पांढरेफटक पडले. पण आता माघार कशी घेणार? त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला.

अर्ध्या तासाने त्यांच्या नळीचा आकडा आला. शून्य.

"बघा! यंत्र ठणठणीत आहे. बिघाड असलाच तर..."

डॉक्टर बोलता बोलता थांबले. त्यांनी आधीचे तीन आकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं.

तिने स्टूल ओढलं आणि बसली. तिची पाळी आधीपासून लहरी; दोन महिने आली नाही, त्याचं तिला काही वाटलंच नव्हतं. आता मात्र ओठ दाबूनही हसू आवरेना, आणि डोळे भरून आले ते वेगळंच.

मग तिने अठराही नळ्या यंत्रात लावल्या. एक कोरी चिठ्ठी घेतली, त्यावर 'एकोणीस' लिहिलं आणि आपल्या नळीला चिकटवली.

"डॉक्टर, पुढच्या सोमवारपासून शून्याची नळी तुमची."

"दर सोमवारी?" डॉक्टरांचा आवाज चिरकला.

"दर सोमवारी. निदान सात महिने तरी."